अमेरिकेतील तात्पुरत्या वास्तव्यात ड्रायव्हिंग लायसन्स : कॅलिफोर्नियातील प्रक्रिया, पायरीपायरीने

एच-१बी किंवा एल-१ व्हिसावर नोकरीसाठी, एफ-१ वर शिक्षणासाठी, किंवा जोडीदाराबरोबर एच-४ वर कॅलिफोर्नियात येणाऱ्या माणसाला राहायला जागा आणि बँकेत खाते यांच्या पाठोपाठ जी गोष्ट लागते ती म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स. सॅन फ्रान्सिस्को शहराचा मध्यभाग सोडला, तर सनीवेल, फ्रीमाँट किंवा सॅन होजेसारख्या ठिकाणी किराणा आणायलासुद्धा गाडी लागते, आणि लायसन्सचे कार्ड पासपोर्टऐवजी रोजचे ओळखपत्र म्हणूनही चालते. भारतात अनेक वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला हे काम किरकोळ वाटते. प्रत्यक्षात ते दोन ठिकाणी अडते : एक, कागदांवरच्या तारखा आणि नावे; दुसरे, पुण्या-मुंबईच्या रहदारीत हातापायांना लागलेल्या सवयी. पुढील मजकुरात भर याच दोन गोष्टींवर आहे. अमेरिकेत लायसन्सचे नियम राज्यागणिक बदलतात; येथे कॅलिफोर्नियाची प्रक्रिया सविस्तर दिली असून इतर राज्यांचा उल्लेख फरक ध्यानात यावा इतकाच केला आहे. शुल्काचे आकडे बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी त्या राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावेत. कॅलिफोर्नियात या विभागाला सगळे ‘डीएमव्ही’ म्हणतात. आपल्या आरटीओचे तेथील रूप.

पाहुणे की रहिवासी, हे आधी ठरवा

कॅलिफोर्नियाचा कायदा अठरा वर्षांवरील पाहुण्याला त्याच्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवू देतो. बी-२ व्हिसावर मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिने राहायला आलेल्या आई-वडिलांना त्यामुळे येथे नवे लायसन्स काढण्याची गरज नसते. आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, हे कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने स्वतंत्र लायसन्स नाही. मूळ लायसन्सवरील माहितीचे ते अधिकृत भाषांतर आहे. मूळ भारतीय कार्ड घरी ठेवून नुसता आयडीपी घेऊन गाडी चालवणे म्हणूनच उपयोगाचे नाही. दोन्ही एकत्र बाळगावीत.

आपण येथे राहायला आलात की मात्र नियम बदलतो. रहिवासी झाल्यापासून १० दिवसांच्या आत कॅलिफोर्नियाचे लायसन्स काढणे अपेक्षित आहे. तुलनेसाठी, न्यू जर्सीत ही मुदत ६० दिवसांची आणि टेक्सासमध्ये ९० दिवसांची आहे. घर भाड्याने घेऊन नोकरीवर रुजू झालेल्या माणसाने ‘मी तात्पुरताच आलो आहे, व्हिसा तीन वर्षांचाच आहे’ असा युक्तिवाद करण्यात अर्थ नाही, कारण व्हिसाच्या दृष्टीने तात्पुरते असणे आणि राज्याच्या दृष्टीने रहिवासी असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. दहा दिवसांत पक्के लायसन्स हाती येणे कठीण असते, पण निदान अर्ज आणि लेखी परीक्षा लवकर उरकावी.

आई-वडिलांबद्दल एक स्पष्ट मत मांडतो. कायदा परवानगी देतो म्हणून साठीपुढच्या पाहुण्यांच्या हाती फ्रीवेवर गाडी देऊ नये. रस्त्याची बाजू उलटी आणि वेग ताशी ६५ मैल, म्हणजे १०५ किलोमीटरच्या आसपास. शिवाय विम्याच्या पॉलिसीत त्यांचे नाव नसेल तर अपघातानंतर कोणता दावा मान्य होईल हे कंपनी ठरवणार. जवळपासच्या वाणसामानापुरती गाडी त्यांना हवीच असेल, तर आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

भारतातून निघण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे आपल्या भारतीय लायसन्सची मुदत पाहणे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशीच्या आत काढलेले लायसन्स वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयातले दहा वर्षे, आणि पंचावन्ननंतरचे पाच-पाच वर्षे चालते. परदेशात असताना ते संपले, तर नूतनीकरणासाठी फार धावपळ होते.

आयडीपी आपल्या आरटीओतून मिळतो. अर्ज सारथी पोर्टलवरून नमुना ४-अ मध्ये करायचा असतो, शुल्क १००० रुपये आहे आणि मुदत एक वर्षाची, किंवा मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेवढीच. पासपोर्ट आणि वैध लायसन्स जोडावे लागते. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारातील देश असल्याने हा परवाना त्या करारानुसार दिला जातो, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचे स्वरूप देशभर एकसारखे करून त्यावर क्यूआर कोडची सोय केली. ‘इंटरनॅशनल लायसन्स’ म्हणून डॉलरमध्ये पैसे घेऊन आकर्षक पुस्तिका घरपोच देणाऱ्या वेबसाइटवर विश्वास ठेवू नये. भारतीय लायसन्सधारकाला आयडीपी भारत सरकारच्या यंत्रणेकडूनच घ्यावा लागतो.

आपले लायसन्स इंग्रजीत असताना आयडीपीची गरज काय, असा प्रश्न रास्त आहे. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या काउंटरवर तो असला की वाद होत नाहीत, हे त्याचे मुख्य उत्तर. आपल्या कार्डावर ०५-०८ अशी तारीख असली की अमेरिकन माणूस ती आठ मे वाचतो. आपण पाच ऑगस्ट म्हणतो. मुदत संपत आलेल्या कार्डावर एवढ्यावरूनही गाडी नाकारली जाऊ शकते.

जमले तर आणखी एक कागद आणावा : लायसन्स पहिल्यांदा कधी दिले गेले आणि कोणत्या वर्गासाठी, हे सांगणारा आरटीओचा उतारा. डीएमव्ही तो मागत नाही. त्याचा उपयोग विम्याच्या वेळी होतो, ते पुढे येईल.

नावांचा घोळही येथूनच सुटला तर बरे. पासपोर्टवर बहुतेकदा ‘गिव्हन नेम’मध्ये आपले आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र असते, तर लायसन्सवर कधी फक्त आद्याक्षर असते. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावाने आणि लायसन्स माहेरच्या नावाने, हेही सर्रास दिसते. डीएमव्ही पासपोर्ट आणि त्याच्याशी जुळणाऱ्या इमिग्रेशनच्या नोंदीवर चालते, त्यामुळे नवे लायसन्स पासपोर्टवरच्या नावानेच येईल. पण जुना अनुभव सिद्ध करताना वेगळ्या नावाचे भारतीय कार्ड कोणाचे, हे पटवत बसावे लागते. पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल, तर अमेरिकन व्हिसावर पूर्ण नाव आडनावात जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिले नाव अज्ञात) अशी तीन अक्षरे येतात. मग ती लायसन्सपासून विम्यापर्यंत सगळीकडे पाठलाग करतात. पासपोर्टची दुरुस्ती व्हिसाच्या अर्जापूर्वी करणे हाच त्यावरचा खरा इलाज आहे.

आय-९४ : सगळे ज्या तारखेवर अवलंबून असते ती नोंद

विमानतळावर उतरल्यावर अमेरिकेच्या सीमा अधिकाऱ्यांकडून आपल्या प्रवेशाची जी नोंद होते तिला आय-९४ म्हणतात. ती त्यांच्या संकेतस्थळावरून पासपोर्ट क्रमांक घालून उतरवून घेता येते, आणि उतरल्यावर एक-दोन दिवसांत ती उघडून नाव, जन्मतारीख, व्हिसाचा वर्ग आणि ‘या तारखेपर्यंत मुक्काम’ हे चारही रकाने तपासावेत. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाची मुदत आणि आय-९४ ची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हिसा देशाच्या दारापर्यंत आणतो. आत किती दिवस राहायचे ते आय-९४ सांगते. तात्पुरत्या वास्तव्यातील माणसाचे लायसन्स याच तारखेला बांधलेले असते.

यातला एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एच-१बी ची मंजुरी तीन वर्षांची असली, तरी पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल, तर अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या शेवटच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. मग लायसन्सही तेवढेच. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल, तर प्रवासापूर्वीच तो नवा करून घ्यावा.

डीएमव्ही आपले कागद ‘सेव्ह’ नावाच्या संघराज्य सरकारच्या यंत्रणेतून पडताळून घेते. देशात पाऊल ठेवल्या-ठेवल्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर गेलात, तर नोंद तेथपर्यंत पोहोचलेली नसते आणि पडताळणी लटकते. विद्यार्थ्यांनी आगमनानंतर दहा दिवस थांबावे आणि विद्यापीठाने सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदयंत्रणेत, नोंद चालू केल्यानंतर आणखी दोन दिवस जाऊ द्यावेत, असा सरकारी सल्लाच आहे. पडताळणी अडकली तर डीएमव्हीकडून मिळालेला क्रमांक घेऊन ‘सेव्ह’च्या संकेतस्थळावर तिची स्थिती पाहता येते, त्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहण्याचे कारण नाही.

अर्ज आणि काउंटर

अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि कागदही आधीच अपलोड करता येतात. तसे केल्यास कार्यालयातला वेळ पुष्कळ वाचतो. लायसन्स दोन प्रकारचे मिळते : साधे आणि ‘रिअल आयडी’. ७ मे २०२५ पासून अमेरिकेत देशांतर्गत विमानप्रवासाच्या तपासणीत साधे लायसन्स पुरेसे धरले जात नाही. आपल्याकडे पासपोर्ट असतो आणि तो चालतो, हे खरे; तरी प्रत्येक प्रवासाला पासपोर्ट बाहेर काढावा लागू नये म्हणून रिअल आयडी घ्यावे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसालाही ते मिळते, फक्त मर्यादित मुदतीचे.

बरोबर नेण्याचे कागद असे : मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची छापील प्रत, विद्यार्थी असाल तर विद्यापीठाने दिलेले आय-२० प्रमाणपत्र, नोकरीवर असाल तर आय-७९७ मंजुरीपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक (नोकरी आणि करासाठीचा सरकारी क्रमांक) मिळाला असेल तर तो, आणि रिअल आयडीसाठी कॅलिफोर्नियातील पत्त्याचे दोन पुरावे. पत्त्याचा पुरावा ही नव्याने आलेल्यांची खरी अडचण असते, कारण पहिला महिना बहुतेकजण मित्राकडे किंवा कंपनीच्या जागेत काढतात. भाडेकरार, बँकेचे स्टेटमेंट, विजेचे किंवा मोबाइलचे बिल यांपैकी काहीही दोन चालतात, त्यामुळे आल्याबरोबर बँक खाते आणि मोबाइलचे बिल दोन्ही त्याच पत्त्यावर घ्यावे. एच-४ वरील जोडीदाराला कामाचा परवाना नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. तसे अर्जात नमूद करावे, त्यावाचून लायसन्स अडत नाही. इतर काही राज्ये मात्र सोशल सिक्युरिटी कार्यालयाचे नकारपत्र मागतात. न्यू जर्सीत प्रत्येक कागदाला ठरावीक गुण असून त्यांची बेरीज सहा व्हावी लागते.

काउंटरवर अंगठ्याचा ठसा, छायाचित्र आणि दृष्टीची तपासणी होते. भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरे वाचायची असतात आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून किमान २०/४० दिसावे अशी अपेक्षा असते. चष्मा असेल तर घालूनच जावे. मग लायसन्सवर चष्म्याची अट येते आणि त्यानंतर चष्म्याविना गाडी चालवणे गुन्हा ठरते. अर्जाचे शुल्क ४५ डॉलरच्या आसपास आहे. अर्ज १२ महिने जिवंत राहतो आणि तेवढ्यात लेखी परीक्षेच्या तीन संधी मिळतात. कॅलिफोर्नियाचा कोणत्याही परक्या देशाशी लायसन्स अदलाबदलीचा करार नाही, म्हणजे भारतात वीस वर्षे गाडी चालवलेल्यालाही लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. येथे एजंट नसतो, आणि त्याची गरजही पडत नाही.

लेखी परीक्षा

अठरा वर्षांवरील उमेदवाराला ३६ प्रश्न असतात, त्यांतील ३० बरोबर यावे लागतात. डीएमव्हीची हँडबुक विनामूल्य आहे. ती एकदा सबंध वाचून सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या की दोन-तीन संध्याकाळींत तयारी होते. फक्त प्रश्नसंच पाठ करून गेलेले लोकही उत्तीर्ण होतात, पण मग रस्त्यावर पहिल्याच आठवड्यात अडखळतात.

आपल्याकडे ज्यांचा विचार करण्याची वेळच येत नाही असे काही नियम मात्र नीट समजून घ्यावेत. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, आणि दोघे एकाच वेळी आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. लाल सिग्नलवर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असल्यास उजवीकडे वळता येते. तेथे मनाईची पाटी असेल तर नाही. पिवळ्या शाळा-बसचे लाल दिवे लुकलुकत असले की समोरून येणाऱ्यांनीही थांबायचे. रस्ता दुभाजकाचा किंवा प्रत्येक दिशेला दोन किंवा अधिक लेनचा असेल, तरच समोरच्या बाजूला सूट आहे. दंड १००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. निवासी भागात आणि शाळेजवळ ताशी २५ मैल, गल्लीबोळात १५, बहुतेक महामार्गांवर ६५. वळण्याआधी १०० फुटांवर इंडिकेटर, सायकल लेनमध्ये वळणाच्या आधी फार तर २०० फूट शिरण्याची मुभा, आणि वायपर चालू असतील तेव्हा हेडलाइटही चालू.

पदपथाच्या कडेला, ज्याला कर्ब म्हणतात, मारलेले रंगही प्रश्नात हमखास येतात : लाल म्हणजे थांबायचेच नाही, हिरवा म्हणजे पाटीवर दिलेल्या वेळेपुरते, निळा अपंगांसाठी, पांढरा माणसे चढ-उतार करण्यापुरता, पिवळा माणसे आणि सामान यांच्या चढ-उतारासाठी. २०२५ पासून झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे २० फुटांत, कर्बला रंग असो वा नसो, गाडी लावता येत नाही.

लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर पर्मिट मिळते. आपल्या कच्च्या लायसन्ससारखे. त्यावर एकट्याने गाडी चालवता येत नाही. शेजारच्या सीटवर कॅलिफोर्नियाचे लायसन्स असलेली अठरा वर्षांवरील व्यक्ती हवी, आणि हे परीक्षेला जाताना डीएमव्हीपर्यंतच्या रस्त्यालाही लागू आहे. एकटे गाडी चालवत येऊन परीक्षकासमोर उभे राहणारे लोक दिसतात. ती परीक्षा सुरू होण्याआधीच संपते.

सराव : हातापायांना नवे वळण

येथील बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. डाव्या पायाला काम नसते, पण क्लचच्या सवयीने तो ब्रेकवर पडतो आणि गाडी जागीच आचका खाते. पहिले दोन दिवस मोकळ्या पार्किंगमध्ये डावा पाय मुद्दाम मागे घेऊन बसावे.

रस्त्याची बाजू उलटी असल्याची अडचण भर रहदारीत कमी येते, कारण इतर गाड्या आपल्याला वाट दाखवतात. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, विशेषतः दुकानाच्या पार्किंगमधून सकाळी बाहेर पडताना. त्यासाठी एकच खूण मनात ठेवावी : चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो. उजवे वळण येथे आखूड आणि कडेने घ्यायचे, तर डावे वळण समोरून येणारी रहदारी ओलांडून मोठे घ्यायचे. इंडिकेटर आणि वायपर यांच्या दांड्याही उलट बाजूंना असतात, म्हणून पहिल्या आठवड्यात भर उन्हात वायपर फिरवणारी गाडी दिसली की आत कोण असेल ते आम्ही ओळखतो.

हॉर्न हा येथे संवादाचा मार्ग नाही. आपल्याकडे ‘मी मागून येतोय’ एवढेच सांगणारा हॉर्न येथे शिवी दिल्यासारखा ऐकू येतो. टक्कर टाळण्यापुरताच तो वापरावा. पादचाऱ्याने झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल टाकले की थांबायचे, त्याच्या मागून किंवा पुढून गाडी काढायची नाही. दोन लेनच्या मधल्या रेषेवर रेंगाळत चालणे, पुढच्या गाडीच्या बम्परला चिकटणे, सिग्नल पिवळा झाल्यावर वेग वाढवणे, या प्रत्येक सवयीला येथे गुण कापले जातात. ओळखीच्या माणसाकडून गाडी शिकावी, पण परीक्षेपूर्वी एखाद-दोन तास तरी परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाबरोबर चालवावे. ओळखीचा माणूस आपली सवय खपवून घेतो; शिक्षक घेत नाही.

प्रत्यक्ष चाचणी

चाचणीची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि गाडी आपणच न्यायची असते. गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद दाखवावा लागतो. भाड्याची गाडी नेणार असाल तर करारात आपले नाव विमाधारक चालक म्हणून असले पाहिजे आणि करारात ड्रायव्हिंग टेस्टला मनाई असता कामा नये; बऱ्याच कंपन्यांच्या करारात ती असते, म्हणून आधी वाचावे. ड्रायव्हिंग स्कूल पैसे घेऊन आपली गाडी आणि सोबत दोन्ही देते, नवख्या माणसाला तोच मार्ग सोपा पडतो.

इंजिन सुरू होण्याआधी परीक्षक गाडीभोवती फिरून ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर तपासतो, हॉर्न वाजवायला सांगतो, आणि वायपर, डिफ्रॉस्टर, हेडलाइट, इमर्जन्सी दिवे व हँडब्रेक कुठे आहेत ते दाखवायला सांगतो. मग हाताच्या खुणा विचारतो. डावा हात खिडकीबाहेर आडवा सरळ म्हणजे डावे वळण, कोपरातून वर उभा म्हणजे उजवे वळण, खाली म्हणजे वेग कमी करतो आहे किंवा थांबतो आहे. परक्या गाडीत डिफ्रॉस्टरचे बटन शोधताना भले भले गोंधळतात, तेव्हा आदल्या दिवशी त्याच गाडीत बसून सगळी बटने हाताखालून घालावीत.

त्यानंतर सुमारे वीस मिनिटे रस्त्यावर जायचे. परीक्षक बोलत नाही, फक्त पुढच्या वळणाची सूचना देतो आणि चुकांच्या खुणा कागदावर करत राहतो. चुका १५ पर्यंत माफ असतात. काही चुका मात्र ‘गंभीर’ गणल्या जातात आणि त्यांतील एकही झाली की चाचणी तेथेच नापास : सिग्नल किंवा पाटी न पाळणे, कशालाही धडक, परीक्षकाला स्टिअरिंग धरावे लागणे किंवा तोंडी सावध करावे लागणे, दुसऱ्याला अचानक ब्रेक मारावा लागेल अशी हालचाल, आणि वेगमर्यादेपेक्षा ताशी १० मैल जास्त, किंवा कारण नसताना १० मैल कमी वेग. हा शेवटचा मुद्दा आपल्याला नवा असतो. परीक्षेत सावकाश चालवले की परीक्षक खूश, हा समज येथे उलटा पडतो.

भारतीय चालक सर्वाधिक कोठे अडकतात, तर स्टॉपच्या पाटीवर. गाडी हळू होते, डोळे दोन्हीकडे फिरतात, रस्ता रिकामा दिसतो आणि ब्रेक सुटतो. चाके मात्र क्षणभरही थांबलेली नसतात. चाके पूर्ण थांबली पाहिजेत, तीही पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. रेषेपाशी थांबल्यावर झाडामुळे पुढचे दिसत नसेल, तर हळूहळू पुढे सरकून पुन्हा पाहावे, पण पहिला थांबा रेषेअलीकडेच झालेला असला पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे नजर. लेन बदलताना आरसे पाहणे पुरत नाही, खांद्यावरून मान वळवून आरशात न दिसणारा भाग, म्हणजे ब्लाइंड स्पॉट, पाहावा लागतो. सायकल लेनमध्ये शिरतानाही मान वळली पाहिजे. तुम्ही नुसते डोळे फिरवून पाहिले असेल, पण परीक्षकाला ते दिसत नाही आणि न दिसलेले पाहणे त्याच्या कागदावर नसते. येथे मान जरा अतिशयोक्तीने वळवली तरी चालेल.

कॅलिफोर्नियात समांतर पार्किंगची परीक्षा होत नाही. न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये ती होते. येथे त्याऐवजी कर्बच्या कडेने तीन गाड्यांच्या लांबीइतके अंतर सरळ मागे यावे लागते. कर्बपासून तीन फुटांच्या आत राहायचे आणि त्याला चाक लागू द्यायचे नाही. मागे पाहायचे ते मान वळवून मागच्या काचेतून, केवळ कॅमेऱ्याच्या पडद्यावर नव्हे.

नापास झाल्यास परीक्षक खुणांचा कागद देतो आणि थोडक्यात कारण सांगतो. तो कागद फेकू नये. त्याच चुकांवर सराव करून पुढची वेळ घ्यावी. पुन्हा परीक्षेचे शुल्क किरकोळ आहे. उत्तीर्ण झाल्यावर कागदी तात्पुरते लायसन्स हाती मिळते, ते ६० दिवस चालते आणि तेवढ्यात कार्ड टपालाने येते. पत्रपेटीवर आपले नाव नसल्याने कार्ड परत गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून सामायिक घरात राहणाऱ्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

विमा

विम्याविना गाडी चालवता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून कॅलिफोर्नियात किमान जबाबदारी विमा (आपल्या चुकीने दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा) एका व्यक्तीच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातील सर्वांच्या इजेसाठी ६०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी १५,००० डॉलर आहे. हा किमान आकडा आहे. एका नव्या गाडीची दुरुस्तीच त्याच्या पुढे जाऊ शकते, त्यामुळे परवडेल तसा तो वाढवून घ्यावा.

१९८८ च्या प्रॉपोझिशन १०३ या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यानुसार येथील विमा कंपन्यांना हप्ता ठरवताना चालकाची नोंद, वर्षाला होणारे मैल आणि गाडी चालवण्याचा अनुभव या तीन गोष्टींना अग्रक्रम द्यावा लागतो, आणि क्रेडिट स्कोअर पाहून गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवता येत नाही. नव्याने आलेल्या माणसाला याचा फायदा होतो, कारण त्याचा क्रेडिट स्कोअर मुळात नसतोच. अनुभवाचा रकाना मात्र कोरा दिसला तर हप्ता चढतो. आरटीओचा उतारा येथे उपयोगी पडतो : काही कंपन्या भारतातील अनुभव धरतात, काही धरत नाहीत, आणि विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. तीन-चार ठिकाणी चौकशी करूनच पॉलिसी घ्यावी.

अपघातात कोणाला इजा झाली किंवा १००० डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले, तर दहा दिवसांत डीएमव्हीला एसआर-१ हा अहवाल द्यावा लागतो. पोलिसांनी किंवा विमा कंपनीने नोंद केली असली तरीही.

मुदत आणि नूतनीकरण

कार्डावरची शेवटची तारीख मिळाल्या दिवशीच पाहावी. ती आय-९४ शी किंवा आय-२० शी जुळत नसेल तर लगेच विचारावे. व्हिसाची मुदतवाढ मंजूर झाली म्हणजे लायसन्स आपोआप वाढत नाही. नव्या आय-७९७ च्या तळाशी नवे आय-९४ छापलेले असते. ते घेऊन पुन्हा डीएमव्हीत जावे लागते आणि पुन्हा ‘सेव्ह’ची पडताळणी होते. मुदतवाढीचा अर्ज प्रलंबित असतानाच कार्ड संपण्याची वेळ येते, ही एच-१बी वाल्यांची नेहमीची तक्रार आहे. कंपनीच्या वकिलांना अर्ज लवकर दाखल करायला सांगणे आणि लायसन्सच्या तारखेआधी पुरेसे दिवस राखून डीएमव्हीची वेळ घेऊन ठेवणे, एवढेच आपल्या हातात असते. मध्ये भारतात जाऊन आलात तर परत येताना नवे आय-९४ तयार होते, आणि तेव्हापासून तेच लागू, हेही विसरू नये.

घर बदलले की दहा दिवसांत डीएमव्हीला पत्ता कळवावा. इमिग्रेशन खात्यालाही तितक्याच मुदतीत एआर-११ या फॉर्मद्वारे वेगळे कळवावे लागते. एकाला कळवले म्हणजे दुसऱ्याला पोहोचले असे होत नाही. कायमचे परतताना विमा नुसता हप्ता थांबवून सोडू नये, गाडी विकल्याची सूचना डीएमव्हीकडे नोंदवून मगच पॉलिसी लेखी कळवून बंद करावी. आणि सुटीवर पुण्याला गेल्यावर गाडी चालवायची असेल, तर कॅलिफोर्नियाच्या कार्डापेक्षा मुदतीतले भारतीय लायसन्स कधीही सोयीचे. तेव्हा त्याची तारीखही डोळ्यांसमोर असू द्यावी.